एकच हिट गाणं आणि 59 अल्बमचा विक्रम: ग्रेटफुल डेडचं कोडं

फेब्रुवारी 2024 मध्ये ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-मासिकाच्या यादीतला एक जुना विक्रम मोडला. अमेरिकेतल्या पहिल्या 40 अल्बममध्ये सर्वांत जास्त वेळा कोण झळकलं, या प्रश्नाचं तोवरचं उत्तर होतं एल्विस प्रेस्ली आणि फ्रँक सिनात्रा, प्रत्येकी 58 वेळा. ग्रेटफुल डेड या अमेरिकन सायकेडेलिक रॉक बँडचा 59वा अल्बम त्या यादीत आला आणि दोघंही मागे पडले. चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे हा बँड 1995 सालीच थांबला होता. तीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचं एकच गाणं पहिल्या दहात पोचलं, तेही नवव्या क्रमांकावर. आणि त्या 59 अल्बमपैकी बहुतेक 2012 नंतर बाजारात आले, म्हणजे गिटारवादक-गायक जेरी गार्सिया जाऊन सोळा-सतरा वर्षं उलटल्यावर.

त्यानंतरही ही मंडळी बातम्यांत येतच राहिली. 2024 च्या उन्हाळ्यात जुन्या सदस्यांच्या ‘डेड अँड कंपनी’ने लास व्हेगासच्या ‘स्फिअर’ या घुमटाकार सभागृहात 30 कार्यक्रम केले. त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला बेसवादक फिल लेश गेला. ऑगस्ट 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये तीन दिवस बँडची साठी साजरी झाली. आपल्याकडे पिंक फ्लॉइडचे चाहते गल्लोगल्ली सापडतील, पण डेडचं एक गाणं गुणगुणून दाखवा म्हटलं तर त्यांचीही पंचाईत होते. मग एवढं कौतुक कशाचं?

उत्तर एका उलट्या हिशेबात आहे. बाकीच्या बँडसाठी रेकॉर्ड हा माल होता आणि मैफल ही त्या मालाची जाहिरात. डेडसाठी मैफल हाच माल होता, रेकॉर्ड ही फार तर त्याची पावती. हे एकदा ध्यानात घेतलं की त्यांची लांबलचक गाणी, ध्वनियंत्रणेवरचा अवाढव्य खर्च आणि टेप फुकट वाटू देण्याचा निर्णय या तिन्ही गोष्टी वेड्यासारख्या वाटत नाहीत.

सायकेडेलिक म्हणजे नक्की काय?

1938 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने एलएसडी तयार केलं. त्याचा मनावर होणारा परिणाम कळला 1943 मध्ये. वेळ, रंग आणि आवाज यांची जाणीव पार बदलून टाकणाऱ्या अशा द्रव्यांना सायकेडेलिक म्हणतात. साठच्या दशकात या अनुभवाच्या आसपास जो रॉक वाजू लागला, तो सायकेडेलिक रॉक.

कानाला त्याची ओळख पटते ती अशी: गाणं तीन मिनिटांत संपत नाही, एकाच सुरावर किंवा दोनच कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर) बराच वेळ मुक्काम होतो, आवाजाला घुमारा दिलेला असतो, आणि एरवी बिघाड मानला जाणारा स्पीकरचा किंचाळा मुद्दाम वापरला जातो. ब्रिटिश बँडांनी हे बरंचसं स्टुडिओत टेप कापून, उलटी फिरवून साधलं. सॅन फ्रान्सिस्कोकडच्यांनी ते नाचघरात, लोकांसमोर साधलं. डेड या दुसऱ्या पठडीतला.

पिझ्झाच्या दुकानापासून अ‍ॅसिड टेस्टपर्यंत

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो परिसरात 1965 साली ‘वॉरलॉक्स’ नावाचा बँड जमला. पहिला जाहीर कार्यक्रम झाला तो मेन्लो पार्कमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात. माणसं एकमेकांशी मुळीच न जुळणारी होती. गार्सिया लोकसंगीतातला, बँजो वाजवणारा. लहानपणी कुऱ्हाडीच्या घावाने त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट जवळजवळ दोन तृतीयांश गेलेलं. रॉन मॅककर्नन, ज्याला सगळे पिगपेन म्हणत, हा ब्लूज गाणारा. बॉब वीअर अजून शाळकरी वयाचा. ड्रमवर बिल क्रॉइट्झमन. लेश ट्रम्पेट वाजवायचा, आधुनिक पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला, आणि बँडमध्ये येईपर्यंत त्याने बेस गिटार हातातही धरली नव्हती. त्यामुळे त्याचा बेस ठेका धरून बसत नाही, स्वतंत्र चाल असल्यासारखा फिरतो. 1967 मध्ये मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक आला. शब्द मुख्यतः रॉबर्ट हंटरचे. तो मंचावर कधी नसायचा, पण बँडचा सदस्य मानला जायचा.

‘वॉरलॉक्स’ हे नाव आणखी कुणी वापरतंय असं कळल्यावर नवं नाव शब्दकोश उघडून शोधण्यात आलं. ‘ग्रेटफुल डेड’ हा लोककथांचा एक प्रकार आहे: कर्जबाजारी मेलेल्या अनोळखी माणसाच्या अंत्यसंस्काराचा खर्च कुणी वाटसरू करतो आणि पुढे तो मेलेला माणूस त्याच्या मदतीला धावून येतो. भुताखेतांशी किंवा सैतानाशी या नावाचा संबंध नाही.

या नावाने पहिलं वादन झालं 4 डिसेंबर 1965 रोजी सॅन होजे इथे, लेखक केन कीझीने भरवलेल्या ‘अ‍ॅसिड टेस्ट’ या मेळाव्यात. अ‍ॅसिड म्हणजे एलएसडी. तेव्हा कॅलिफोर्नियात एलएसडी बेकायदा नव्हतं. बंदी आली 6 ऑक्टोबर 1966 ला. या मेळाव्यांत लोक बँड ऐकायला येत नसत. प्रकाशझोत, आरडाओरडा आणि ध्वनीचे खेळ यांच्या गोंधळात बँड हा फक्त एक घटक. किती वेळ वाजवायचं, गाणं कुठे संपवायचं, किंबहुना वाजवायचं की नाही, हेही ठरलेलं नसे. चुकलं तरी कुणी हिशेब मागत नव्हतं. पुढची तीस वर्षं त्यांनी जपलेली सवय इथली आहे: कार्यक्रमाची यादी आधी ठरवायची नाही आणि सलग दोन रात्री तोच कार्यक्रम करायचा नाही.

जॅम म्हणजे मनाला येईल ते वाजवणं नव्हे

जॅम म्हणजे ठरलेल्या गाण्याच्या आधाराने सगळ्यांनी मिळून तिथल्या तिथे केलेलं वादन. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजायला दोन मिनिटं लागतात. बंदिश दोन ओळींची, विस्तार अर्ध्या तासाचा, आणि मुखड्यावर परत येणं हे त्याचं गणित. फरक इतकाच की इथे विस्तार एकटा करत नाही. पाच-सहा जण एकदम करतात आणि कुणीच ठरलेला साथीदार नसतो.

‘डार्क स्टार’ हे याचं ठळक उदाहरण. 1968 मध्ये निघालेल्या छोट्या रेकॉर्डवर हे गाणं तीन मिनिटांच्या आत आटोपतं. 27 फेब्रुवारी 1969 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये वाजलेलं तेच गाणं ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर 23 मिनिटांचं आहे. दोन कॉर्ड आलटून पालटून येतात आणि सुरावट ज्या स्वरसप्तकात फिरते त्याला पाश्चात्त्य भाषेत मिक्सोलिडियन म्हणतात. सगळे स्वर शुद्ध, फक्त निषाद कोमल. आपला खमाज थाट हाच. या रेकॉर्डिंगमध्ये बेस ऐका: गिटार एक वाक्य म्हणते, बेस त्यातला शेवटचा तुकडा उचलून वेगळीकडे नेतो, आणि पुढच्या क्षणी गिटार त्याच्यामागे जाते. शब्द सुरू व्हायला सहा मिनिटं लागतात, आणि तोवर आपण त्यांची वाट बघायचं सोडून दिलेलं असतं.

हे बिघडतंही, आणि वारंवार बिघडतं. सहा जण एकमेकांची वाट पाहू लागले की संगीत जागच्या जागी घोटाळतं. एक जण परतीची खूण वाजवतो, दुसऱ्याला ती ऐकूच येत नाही, आणि पुढचं मिनिट चाचपडण्यात जातं. डेडचे कट्टर चाहतेही कबूल करतील की अनेक रात्री अर्धा कार्यक्रम रटाळ असे. 1969 मधला वुडस्टॉक महोत्सवातला कार्यक्रम तर त्यांच्या वाईटांतला मानला जातो. मंच पावसाने भिजलेला, अर्थिंग धड नाही, गिटारच्या तारा आणि मायक्रोफोन यांच्यामध्ये वादकांना विजेचे झटके बसत होते. अशा स्थितीत विस्तार कसला करणार!

ऐकून ऐकून जॅम ओळखायची एक युक्ती आहे. चाहत्यांच्या याद्यांत दोन गाण्यांच्या मध्ये > अशी खूण दिसते. याचा अर्थ पहिलं गाणं न थांबता दुसऱ्यात शिरलं. डेडचं बरंच उत्तम वादन या खुणेच्या आसपास, म्हणजे एक गाणं सुटलं आहे आणि दुसरं अजून लागलेलं नाही अशा पट्ट्यात सापडतं.

तबल्याचा धागा

अशा लेखांत भारताचं नाव ओढूनताणून आणलं जातं. इथे तशी गरज नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मिकी हार्टची गाठ उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी पडली आणि मात्रा मोजण्याची त्याची पद्धतच बदलली. रॉकचा सगळा कारभार चारात चालतो. डेडने मात्र अकरा मात्रांचं गाणं बांधलं, नावच ‘दी इलेव्हन’; विभागणी तीन-तीन-तीन-दोन. ‘प्लेइंग इन द बँड’ची मुख्य चाल दहा मात्रांची आहे, ‘एस्टिमेटेड प्रॉफेट’ सातांच्या हिशेबात चालतं. दोन ड्रमवादकांनी वेगवेगळे हिशेब मांडायचे आणि ठरलेल्या जागी एकत्र उतरायचं, हा खेळ तबलजींना नवा नाही.

पुढची कडी उस्ताद झाकीर हुसेन यांची. माहीमला वाढलेले झाकीरभाई 1970 मध्ये अमेरिकेला गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत रमले. अली अकबर खाँ यांचं संगीत महाविद्यालय तिथलंच आणि डेडचा मुक्कामही तिथलाच. 1976 मध्ये हार्ट आणि झाकीर हुसेन यांच्या ‘डिगा रिदम बँड’चा अल्बम आला. त्यातल्या एका चालीतून पुढे डेडचं ‘फायर ऑन द माउंटन’ उभं राहिलं. 1991 च्या ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये दोघं पुन्हा एकत्र होते, सोबत घटम्‌वर विक्कू विनायकराम, जागतिक संगीताच्या अल्बमसाठीचं पहिलंवहिलं ग्रॅमी या अल्बमला मिळालं.

तेव्हा ‘हिप्पींनी सतार-तबला फॅशन म्हणून उचलला’ हा आक्षेप अनेकांना लागू पडतो, हार्टला लागू पडत नाही. त्याने तबल्याचा आवाज गाण्यावर शिंपडला नाही. हिशेब शिकून घेतला आणि तो ड्रमवर वाजवला. त्याला शास्त्रीय वादक म्हणायचं कारण नाही, आणि त्यानेही तसा आव आणलेला नाही.

भिंत: 1974 चा ध्वनिप्रयोग

डेडच्या वारशातला सर्वांत ठोस भाग हा आहे, आणि गाणी न आवडणाऱ्यांनीही तो समजून घ्यावा.

त्या काळी मोठ्या मैदानात रॉक ऐकणं म्हणजे शिक्षाच असे. गायकांचा आवाज मंचाच्या दोन कडांच्या स्पीकरमधून, वाद्यांचा आवाज प्रत्येकाच्या मागच्या डब्यातून, आणि वादकांना स्वतःचंच ऐकू येत नाही. ऑउझ्ली स्टॅन्ली हा डेडचा ध्वनितंत्रज्ञ. एलएसडी बनवण्यासाठी तो कुप्रसिद्ध होता आणि त्यापायी तुरुंगातही जाऊन आला होता, पण कान अत्यंत तिखट. त्याचा आग्रह असा, की वादकाला जे ऐकू येतं तेच, तसंच, शेवटच्या रांगेला ऐकू यायला हवं. रॉन विकरशॅम, डॅन हीली आणि इतर तंत्रज्ञांबरोबर यातून जी यंत्रणा उभी राहिली ती ‘वॉल ऑफ साउंड’. पूर्ण रूपात ती 23 मार्च 1974 ला सॅन फ्रान्सिस्कोलगतच्या डेली सिटीत, काऊ पॅलेसमध्ये वाजली. सहाशेच्या आसपास स्पीकर, मॅकिंटॉश कंपनीचे चाळिसाहून अधिक अ‍ॅम्प्लिफायर, 26 हजार वॉटच्या वर शक्ती, वजन सुमारे 75 टन. आपल्याकडे मिरवणुकीत डीजेच्या भिंती लागतात, तसंच काहीसं दिसायला. हेतू मात्र नेमका उलटा. ही भिंत मोठ्या आवाजासाठी नव्हे, स्वच्छ आवाजासाठी होती.

तिची तीन तत्त्वं होती.

पहिलं, एका स्पीकरमधून एकच आवाज. बेसचा खोल स्वर वाजवताना स्पीकरचा पडदा बराच मागेपुढे होतो. त्याच पडद्यावर गायकाचा आवाजही लादला तर तो त्या हेलकाव्यांबरोबर थरथरतो आणि गढूळ होतो. म्हणून गिटार, बेस, पियानो, ड्रम आणि गायन यांचे स्पीकर पूर्ण वेगळे. लेशच्या बेसच्या तर प्रत्येक तारेला स्वतंत्र वाहिनी देता येत असे, चार तारा चार ठिकाणांहून.

दुसरं, उभे खांब. एका बिंदूतून निघालेला आवाज चहूकडे पसरतो, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की तो 6 डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) घटतो. स्पीकर एकावर एक रचून उंच खांब केला तर आवाज वर-खाली फार पसरत नाही आणि ठरावीक अंतरापर्यंत दर दुपटीला सुमारे 3 डेसिबलच घटतो. म्हणजे 10 मीटरवरून 80 मीटरवर गेलं तर 18 ऐवजी 9 डेसिबलचीच घट. पुढच्यांचे कान फोडल्याशिवाय मागच्यांपर्यंत पोचता येतं ते यामुळे. याला मर्यादा आहे: खांबाची उंची आणि स्वराची पट्टी यांवर ते ‘ठरावीक अंतर’ ठरतं. दहा मीटर उंच खांबाचा हा फायदा मधल्या पट्टीच्या स्वरांना शंभर मीटरपलीकडे मिळतो, पण खर्जाच्या स्वरांना पंधरा-वीस मीटरच. बेसचे खांब 32 फूट उंच करण्यामागे हेच गणित होतं.

तिसरं तत्त्व सर्वांत चलाख. सगळे स्पीकर वादकांच्या मागे ठेवले की वादक आणि श्रोते एकच ध्वनी ऐकतात. पण मग गायकाचा मायक्रोफोन थेट त्या भिंतीसमोर येतो. भिंतीचा आवाज मायक्रोफोनमध्ये, तिथून पुन्हा भिंतीत, पुन्हा मायक्रोफोनमध्ये, आणि क्षणात कान चिरणारी शिट्टी, म्हणजे फीडबॅक. उपाय असा, की प्रत्येक गायकाला दोन मायक्रोफोन द्यायचे, एकाखाली एक, साधारण 6 सेंटिमीटर अंतरावर, आणि त्यांतल्या एकाची जोडणी उलटी करायची. मागच्या भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो; एक अधिक, एक उणे, बेरीज जवळपास शून्य. गायक गातो फक्त वरच्यात, म्हणून त्याचा आवाज उरतो. अट एकच: ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकलेले हवेत. तोंड दोन इंच मागे गेलं की गायकाचा आवाजही दोन्हींत सारखा शिरू लागतो आणि त्यातला भरदारपणा सगळ्यात आधी गळून पडतो. 1974 च्या रेकॉर्डिंगमध्ये गाण्याचा आवाज कधीकधी पातळ वाटतो तो बराचसा यामुळे.

ही भिंत टिकली नाही, कारण ती परवडत नव्हती. मंच उभारायला इतका वेळ लागे की दोन मंच घेऊन फिरावं लागे: एकावर कार्यक्रम चालू असताना दुसरा पुढच्या गावी बांधला जाई. ट्रक, माणसं, आणि त्यात 1973 नंतरची तेलटंचाई. ऑक्टोबर 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमधल्या कार्यक्रमांनंतर ती मोडीत निघाली आणि बँडनेही दीड वर्षाहून अधिक काळ दौरे थांबवले. खांबाचं तत्त्व मात्र राहिलं. आज कुठल्याही मोठ्या कार्यक्रमात मंचाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखी वळलेली स्पीकरची माळ लटकते, तिला लाइन अ‍ॅरे म्हणतात. ती 1990 च्या दशकात वेगळ्या संशोधनातून घडली, थेट डेडच्या भिंतीपासून नव्हे. पण त्या तत्त्वाचा एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग डेडने वीसेक वर्षं आधी करून दाखवला होता.

टेप फुकट वाटून पैसा कसा मिळाला?

बहुतेक बँड श्रोत्यांच्या बॅगा तपासून रेकॉर्डर जप्त करत. डेडने आधी काणाडोळा केला आणि पुढे रीतसर परवानगी दिली. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणाऱ्या या श्रोत्यांना टेपर म्हणत. त्यांच्या मायक्रोफोनच्या उंच काठ्या ध्वनितंत्रज्ञाच्या पुढे इतक्या दाटल्या की त्याला मंच दिसेना. म्हणून 27 ऑक्टोबर 1984 पासून, बर्कलीच्या कार्यक्रमापासून, त्यांच्यासाठी ध्वनितंत्रज्ञाच्या मागे वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं आली. नियम एकच: टेपची अदलाबदल करा, विक्री नाही.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची, कार्यक्रम तीन तासांच्या आसपास. कॅसेट उलटायची वेळ नेमकी जॅमच्या मध्यावर आली की दहा-पंधरा सेकंदांचं संगीत कायमचं गेलं. म्हणून अनुभवी टेपर चाळिसाव्या मिनिटाला, दोन गाण्यांमध्ये वाद्यं सुरात लावण्याच्या वेळात, बाजू बदलून टाकत. मायक्रोफोन डोक्यांच्या बराच वर न्यावा लागे, नाहीतर संगीतापेक्षा शेजाऱ्याच्या टाळ्या आणि गप्पा ठळक येत. प्रतीची प्रत काढताना दर पिढीला खरखर वाढे, त्यामुळे टेपवर ती कितवी प्रत आहे हे लिहिणं हा शिष्टाचार होता. नवख्याकडे देण्यासारखी टेप नसे, तर तो कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवी. समोरचा भरून परत करी. इंटरनेट येण्याआधी देशभर पसरलेलं हे जाळं टपालावर चालत होतं.

बँडला यातून काय मिळालं? दर रात्रीचा कार्यक्रम वेगळा असल्यामुळे एक टेप ऐकून माणसाची हौस भागत नसे, उलट पुढच्या कार्यक्रमाला स्वतः हजर राहावंसं वाटे. रोज तीच वीस गाणी त्याच क्रमाने वाजवणाऱ्या बँडने हे केलं असतं तर तिकिटं खपली नसती. नक्कल करण्याजोगी गोष्ट फुकट दिली आणि नक्कल न होणारी विकली, एवढाच हा व्यवहार. शिवाय गाण्यांचे प्रकाशनहक्क त्यांच्याच कंपनीकडे होते. 1971 च्या अल्बममध्ये चाहत्यांना नाव-पत्ता कळवा असं आवाहन छापून त्यांनी टपालयादी उभी केली, आणि 1983 पासून बरीच तिकिटं स्वतःच टपालाने विकायला घेतली. दलाल वगळला गेला.

बँडचे स्वतःचे तंत्रज्ञही दर रात्री टेप करत होते. सुमारे 2,300 कार्यक्रमांपैकी बहुसंख्य कुठल्या ना कुठल्या रूपात शिल्लक आहेत. 1993 मध्ये अभिलेखपाल डिक लाटव्हाला याने निवडलेल्या टेपांच्या अल्बमची मालिका सुरू झाली आणि सुरुवातीच्या कोड्यातले ते 59 अल्बम मुख्यतः अशाच जुन्या टेपांमधून आलेले आहेत. बेटी कँटर-जॅक्सन या तंत्रज्ञ बाईंनी केलेलं 8 मे 1977 चं कॉर्नेल विद्यापीठातलं ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय संग्रहात घेतलं. त्यांच्या टेपांची एक मोठी खेप भाडं थकल्यामुळे गोदामातून लिलावात गेली होती आणि त्यातूनच चाहत्यांपर्यंत पोचली.

सगळं गोडीगुलाबीचं मात्र नव्हतं. नोव्हेंबर 2005 मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’वरची डेडची ध्वनिमुद्रणं उतरवून घेण्याची सोय अचानक बंद झाली. चाहते खवळले, बँडमध्येच मतभेद उघड झाले. काही दिवसांत तोडगा निघाला: श्रोत्यांनी केलेल्या टेप उतरवून घ्या, बँडच्या यंत्रणेतून थेट काढलेल्या नुसत्या ऐका. तो आजही कायम आहे.

‘पण हे नशेचं उदात्तीकरण नाही का?’

रास्त प्रश्न. एलएसडीशिवाय हा बँड असा घडला नसता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण किंमतही पाहिली पाहिजे. पिगपेन वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला, दारूने. 1990 मध्ये कीबोर्डवादक ब्रेंट मिडलंड अमली पदार्थांच्या अतिमात्रेने गेला. गार्सियाला हेरॉइनने धरलं. 1986 मध्ये मधुमेहाने तो बेशुद्धीत गेला, त्यातून उठल्यावर गिटार जवळपास नव्याने शिकला, आणि 9 ऑगस्ट 1995 ला व्यसनमुक्ती केंद्रात, वयाच्या 53व्या वर्षी गेला.

श्रोत्यांनी मोजलेली किंमत कमी बोलली जाते. अमेरिकन कायद्यात शिक्षा द्रव्याच्या वजनावर ठरत होती, आणि 1991 च्या चॅपमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एलएसडी ज्या कागदावर शोषलेलं असतं त्या कागदाचंही वजन धरायचं ठरवलं. त्या खटल्यातलं शुद्ध द्रव्य होतं 50 मिलिग्रॅम, कागदासकट 5.7 ग्रॅम. एक ग्रॅमपासून पुढे किमान पाच वर्षांची सक्तीची शिक्षा. डेडच्या दौऱ्यांमागे फिरणारी कितीतरी तरुण मुलं त्या काळात अशा कलमांखाली आत गेली. दुसरीकडे, याच गर्दीतून ‘व्हार्फ रॅट्स’ हा व्यसनापासून दूर राहणाऱ्या चाहत्यांचा गट उभा राहिला. मध्यंतरात पिवळ्या फुग्याखाली ते जमत. संगीत नशेवाचून ऐकता येतं याचा पुरावा कुणाला हवाच असेल, तर तो हा.

यश आलं आणि मोडतोड झाली

1987 मध्ये ‘टच ऑफ ग्रे’ नवव्या क्रमांकावर गेलं आणि गणित बिघडलं. वाद्यवृंदापेक्षा बाहेरच्या जत्रेसाठी येणारे वाढले. बिनतिकिटांचे हजारो लोक वाहनतळावर मुक्काम ठोकू लागले. 2 जुलै 1995 ला इंडियानातल्या डीअर क्रीकला जमावाने कुंपण तोडलं, दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. शेवटचा कार्यक्रम त्याच महिन्यात, 9 जुलैला शिकागोत झाला. हे संगीत छोट्या-मध्यम सभागृहात रुजलेलं होतं, पण श्रोते मावायला आता स्टेडियमच लागत होतं.

‘आणि आवाज तर बेसूर आहे!’

आहे. तीन-तीन आवाजांचं गायन मंचावर अनेकदा सुटतं, विशेषतः 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला. गार्सियाचा आवाज बारीक आहे, तो गायकीसाठी ऐकायचाच नाही. ज्याला नेटकी गाणी हवीत त्याने 1970 चे दोन स्टुडिओ अल्बम, ‘वर्किंगमन्स डेड’ आणि ‘अमेरिकन ब्यूटी’ घ्यावेत. तिथे सूर सांभाळलेला आहे, गाणी चार-पाच मिनिटांची, आणि सायकेडेलिया जवळपास नाहीच.

ते पचल्यावर कॉर्नेल 1977 चा उत्तरार्ध घ्यावा, ‘स्कार्लेट बिगोनियाज > फायर ऑन द माउंटन’ ही जोडी. मग 27 ऑगस्ट 1972, व्हेनेटा, ओरेगॉन: रणरणतं ऊन, उघडं माळरान, उकाड्याने गिटार सुरातून उतरतायत आणि तरीही ‘डार्क स्टार’ अर्धा तास चालतं. ‘लाइव्ह/डेड’ सगळ्यात शेवटी; त्यानेच सुरुवात करणारे बहुधा तिथेच थांबतात. फोनच्या छोट्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही, आणि बेस नसेल तर या संगीतातला अर्धा संवाद गायब. साधे का होईना, हेडफोन लावा.